विचारले असता त्यांनी उत्तर दिले नाही

मागच्या उन्हाळ्यात एका कॉलेजातल्या पत्रकारिता विभागानं मला बोलावलं. "जुने अनुभव सांगा," म्हणाले. निवृत्त मास्तरला अनुभव सांगा म्हणणं म्हणजे उतारावरच्या गाडीला धक्का देणं. भाषण लांबलं, निम्मी पोरं पाण्याच्या निमित्तानं उठून गेली ती परत आली नाहीत. नंतर चहाला तरुण प्राध्यापक मंडळी आपापलं गाऱ्हाणं घेऊन बसली. पोरं वर्तमानपत्र वाचत नाहीत. बातमी लिहा म्हटलं की निबंध लिहितात. एकाची बातमी पाच जण उतरवून काढतात. बाहेर जाऊन कुणाला प्रश्न विचारायचा म्हटलं की यांच्या पोटात दुखतं.

मी म्हटलं, "तुमची पोरं वर्तमानपत्र वाचत नाहीत म्हणता. आमच्याकडं वर्तमानपत्रच नव्हतं. तरी आम्ही बातमी शिकवायचो." मंडळी नम्रपणे हसली. म्हातारा थापा मारतोय असं ज्या हसण्याचा अर्थ असतो, तसं ते हसणं होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

निजामाच्या राजवटीतली शेवटची काही वर्षं मी परभणीच्या एका हायस्कुलात मराठीचा मास्तर होतो. शाळेतलं सगळं उर्दूत चालायचं. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, सुट्टी शुक्रवारची. मराठी म्हणजे वेळापत्रकाच्या कोपऱ्यात दिलेली जागा, जेवणानंतरचा तास, पोरं पेंगायला लागण्याची वेळ. बाहेरचं एखादं वर्तमानपत्र कुणाच्या पिशवीत सापडलं तर पिशवीसकट माणसाची चौकशी व्हायची. चार माणसं जमवून सभा घ्यायची तर आधी इजाजत. अशा ठिकाणी मी पोरांना बातमी लिहायला शिकवणार म्हणालो, तेव्हा माझी बायको एवढंच म्हणाली, "सरळ व्याकरण शिकवा की."

माझी स्वतःची पत्रकारिता फार मोठी होती असंही नाही. पुण्याला शिकत असताना एका साप्ताहिकाची मुद्रितं तपासत होतो. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा अनुभव पक्का होता. तेवढ्या भांडवलावर माणूस मास्तर होऊ शकतो, याला मी स्वतःच पुरावा आहे.

आमच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हैदराबादचे. मोठे अदबशीर गृहस्थ. त्यांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. मी अंगणाच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक फळी लावतो, पोरं तिच्यावर शाळेच्या आणि गावाच्या बातम्या लिहून चिकटवतील, असं मी त्यांना उर्दूत समजावलं. त्यांनी बराच विचार केला आणि दोन अटी घातल्या. राजकारण नको. आणि प्रत्येक बातमीचा उर्दू तर्जुमा, म्हणजे भाषांतर, आधी त्यांच्या मेजावर आला पाहिजे. तर्जुम्याचं काम फारसी शिकवणाऱ्या मौलवी साहेबांकडं गेलं. त्यांना मराठी उत्तम यायचं, कारण त्यांचं सगळं बालपण चारठाण्याला देवळांच्या सावलीत गोट्या खेळण्यात गेलं होतं.

तिथून माझे हाल सुरू झाले. एकीकडून पोरं आणि दुसरीकडून मौलवी साहेब.

पोरांना मी चार गोष्टी सांगितल्या होत्या. काय झालं, कुणाचं झालं, कुठं झालं, कधी झालं. हे पहिल्या दोन ओळींत आलं पाहिजे. पोखर्णीच्या एका पोरानं नरसिंहाच्या जत्रेची बातमी आणली, ती हिरण्यकश्यपूच्या तपश्चर्येपासून सुरू केलेली. खांब फुटेपर्यंत कागद संपला. जत्रेत काय झालं विचारलं तर म्हणाला, "मास्तर, ते आता फुडच्या कागदावर." चुडाव्याहून रेल्वेनं येणारं एक पोरगं होतं, त्याला वर्णनाची आवडच नव्हती. त्यानं एका ओळीची बातमी दिली: 'आज गाडी वेळेवर आली.' मी ती सगळ्यात वर लावली. अशी बातमी वर्षात पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती.

आणि मौलवी साहेब! गावाच्या विहिरीत एक म्हैस पडली होती. पोरानं शिकवल्याप्रमाणं लिहिलं, 'म्हैस विहिरीत पडली. लोकांनी दोर लावून काढली. म्हैस जिवंत आहे.' मौलवी साहेबांनी त्याचा तर्जुमा पानभर केला. त्यात बेजबान जनावर होतं, अंधाऱ्या पाण्यातली हाक होती, आणि माणसाच्या कठोर काळजावर एक शेरही होता. हेडमास्तरांनी डोळे पुसले आणि म्हशीची तब्येत विचारायला चपराशी पाठवला. मी मौलवी साहेबांना म्हटलं, "अहो, मी पोरांना छाटायला शिकवायलोय आणि तुम्ही पालवी फोडायलात."

ते म्हणाले, "मास्तर, तुमची बातमी अशीच दरबारात नेली तर लोक म्हणतील, उघडीच आली. मी तिला कपडे घालायलोय."

चार गोष्टींवर मी पुढं पाचवी घातली. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी विचारायचं. तोंडावर विचारायचं, आणि तो जे म्हणेल ते लिहायचं. पोरांना हा नियम अजिबात आवडला नाही. आमच्याकडं मोठ्या माणसाला प्रश्न विचारणं हाच आगाऊपणा. त्यातून तो चुलता, मामा किंवा सावकार निघायचा. पण फळीवर यायचं तर हे करावंच लागे, म्हणून पोरं घाम पुसत विचारून यायची.

या सगळ्यांत ज्याला बातमी खरोखर कळली तो शिवलिंग. मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजारालगतच्या, किराणा दुकानदाराचा, मन्मथप्पांचा एकुलता एक मुलगा. लिंगायत घर, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात पूजेला तळहातावर घ्यायचं इष्टलिंग, बोलणं कमी. मन्मथप्पांचं म्हणणं होतं की पोरगं सातवी झालं तेव्हाच दुकानावर बसायला हवं होतं. बेरीज येते, वजन करता येतं, आणखी काय शिकायचं राहिलं? मी दर वर्षी जाऊन त्यांना एकेक वर्ष मागून घ्यायचो. "एवढं एक साल, मन्मथप्पा." आता मॅट्रिकचं साल आलं होतं आणि मला नुसतं लांबून पाहिलं तरी ते दुसरीकडं वळायचे.

महायुद्धाचे दिवस होते. घासलेट कंट्रोलवर गेलं होतं आणि गावात ते वाटायचा परवाना मन्मथप्पांकडं होता. महिन्यातले बरेच दिवस दुकानावर पाटी असायची, 'घासलेट संपले'. घराघरात करडीच्या तेलाच्या पणत्या. आमची पोरं सांज झाली की पुस्तक मिटायची, अभ्यास न करायला त्यांना सरकारमान्य कारण मिळालं होतं. गावात एकाच बंगल्यावर गॅसबत्त्या झगझगत असायच्या, तो एका बड्या अंमलदाराचा. एका पोरानं त्याची बातमी करून आणलीही होती. तिच्यावर मी फुली मारली. हेडमास्तरांनी राजकारण नको म्हटलं होतं आणि बत्ती हेही राजकारण असतं, एवढं मला कळत होतं.

मग शिवलिंगनं एक कागद माझ्यापुढं ठेवला.

'मोंढ्याजवळच्या दुकानावर आज घासलेट संपले अशी पाटी आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत घासलेटाचे भरलेले डबे आहेत. बातमीदाराने ते स्वतः पाहिले.'

काय, कुठं, कधी, हे होतं; 'कुणाचं' तेवढं नव्हतं. एक शब्द जास्तीचा नव्हता. मी विचारलं, "दुकान कुणाचं?"

"आमचं," शिवलिंग म्हणाला. वर्गातली पेंग तेवढ्यानं उडाली.

मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, हे नको लिहू, दुसरं काही आण. तो म्हणाला, "मास्तर, तुमीच म्हणलाव ना, जे दिसलं ते लिवायचं. मला हेच दिसलं. बाकीच्यांच्या घरातलं मला कसं दिसंल?" आता याला काय सांगणार? वर्षभर मी जे शिकवलं ते हा शिकला, एवढाच त्याचा दोष. शेवटी मी पाचव्या नियमाआड लपलो. म्हटलं, आप्पांना विचारल्याशिवाय हे लागणार नाही. मला वाटलं, बापाला विचारायची त्याची छाती होणार नाही आणि माझी सुटका होईल.

दुसऱ्या दिवशी त्यानं शेवटी एक ओळ वाढवून आणली. 'दुकानदारास विचारले असता त्यांनी उत्तर दिले नाही.'

"खरंच विचारलंस?"

"इचारलं, मास्तर. समोर बसून इचारलं. ते बोललेच न्हाईत."

मौलवी साहेबांनी तर्जुमा केला. त्यात तेलासाठी तळमळणाऱ्या दिव्याची वात आली, अंधारात पोरांचे सुकलेले डोळे आले. हेडमास्तरांना त्यात राजकारण दिसलं नाही. दुकानदाराची गोष्ट, सही झाली. बातमी फळीवर लागली आणि बाजाराला आलेल्यांपैकी ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ती न येणाऱ्यांना वाचून दाखवली.

दुपारी माझ्या तासालाच मन्मथप्पा वर्गात आले. एरवी माणूस शांत, पण त्या दिवशी चपलाही पायातच राहिल्या. मी पुढं होऊन "या, बसा" म्हटलं.

"बसायला न्हाई आलो," ते म्हणाले. "दुकानापुढं माणसं गोळा झालीत. डबे दावा म्हणायलेत. ते मी बगून घेईन. पण मास्तर, हे काय लिवलंय? विचारलं आन् मी बोललो न्हाई?"

"शिवलिंगनं विचारलं नाही का?"

"इचारलं की! कवा इचारलं ते इचारा त्याला. सकाळच्या पारी मी पूजेला बसलेलो. हातावर लिंग. ह्यो समोर येऊन बसला आन् म्हणतो, आप्पा, डबे हायेत का? आता पूजेत माणूस बोलतो का? आमच्या घरात रांगणाऱ्या लेकराला बी ठाऊक हाय, लिंग हातावर असल्यावर तोंड उगडायचं न्हाई!"

मी शिवलिंगकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली, पण माघार घेतली नाही. म्हणाला, "मास्तर, लिंग हातावर असल्यावर आप्पा खोटं बोलत न्हाईत. दुकानावर इचारलं असतं तर..." 

वर्गात कुणी हसलं नाही. हसण्यासारखं होतं, पण पोरं शहाणी होती. मला मात्र त्या क्षणी त्या पोराला शाबासकी द्यावी की कान धरावा, हे कळेना. त्यानं बापाला खरं बोलायला लावायची एकमेव वेळ शोधली होती, आणि नेमकी तीच बापाची न बोलायची वेळ निघाली. लिहिलेलं वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. आणि तरी ते मन्मथप्पांवर अन्याय करत होतं. असंही होतं, हे मला पुण्याच्या छापखान्यात कुणी शिकवलं नव्हतं.

मन्मथप्पा म्हणाले, "बास झाली शाळा. उद्यापासून ह्यो दुकानावर. चल रे, उचल दप्तर."

शिवलिंग दप्तर उचलायला वाकला. मला आजही ते वाकणं आठवतं. मॅट्रिकला काही महिने राहिले होते. मी हात जोडले. म्हटलं, "मन्मथप्पा, न्या. तुमचा मुलगा आहे. पण फळीवरचं वाक्य तसंच ठेवून जाऊ नका. त्याला इथं, सगळ्यांसमोर, परत विचारू द्या. तुम्ही जे म्हणाल ते लागेल. मग खुशाल न्या."

तोवर गलका ऐकून हेडमास्तरांनी मौलवी साहेबांना पाठवलं होतं. बाहेरचा माणूस वर्गात, माणसं जमलेली, म्हणजे कुणीतरी हजर असलेलं बरं. मौलवी साहेब शेवटच्या बाकावर पोरांत जाऊन बसले. दारात चपराशी होताच. मन्मथप्पांनी एकदा या दोघांकडं पाहिलं, चपला काढून दाराबाहेर ठेवल्या आणि फळ्याजवळ येऊन उभे राहिले.

"इचार," ते म्हणाले.

शिवलिंग उभा राहिला. हातात कागद, पेन्सिल. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मला वाटलं, तो पुन्हा तेच विचारणार, डबे आहेत का. पण पोरगं रात्रंदिवस त्या घरात राहत होतं, त्याला ते आता विचारायचं राहिलं नव्हतं.

"आप्पा," तो म्हणाला, "मागच्या खोलीतले डबे कोणाचे हायेत?"

हा प्रश्न मी त्याला शिकवलेला नव्हता. म्हणजे चार गोष्टींत 'कुणाचं' होतं, पण त्याचा असा उपयोग होतो हे मलाही ठाऊक नव्हतं. वर्गात बसलेल्या प्रत्येकाला त्या घटकेला तो झगझगीत बंगला दिसला असणार. मला तरी दिसला. मन्मथप्पांचा हात आपोआप सदऱ्यावरून छातीशी गेला, जिथं लिंग असतं तिथं. दारातला चपराशी उगाच दाराची कडी चाचपू लागला.

मन्मथप्पांनी तो हात खाली घेतला. मग अगदी दुकानात भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "आता मी पूजेत न्हाई. हे समदे बगायलेत. माझं तोंड मोकळं हाय. तरी बी मी उत्तर देत न्हाई. लिही."

पेन्सिल चालली.

"का देत न्हाई, आप्पा?"

"त्याचं बी उत्तर देत न्हाई. ते बी लिही."

लिहून झालं तेव्हा मन्मथप्पांनी कागद मागून घेतला, ओठ हलवत वाचला आणि परत दिला. "आता बराबर हाय," म्हणाले. मुलाला घेऊन गेले. दप्तर बाकावरच राहिलं. चुकून राहिलं का राहू दिलं, मी विचारलं नाही.

कागद मौलवी साहेबांकडं गेला. मी मनाशी म्हटलं, झालं, आता ह्यात बुलबुल येईल, पिंजरा येईल, आणि गावाला जे न बोलता समजलं असतं ते हेडमास्तरांना सविस्तर समजेल. मौलवी साहेब लिहायला बसले आणि लगेच उठले. दोन ओळी. दुकानदाराला पुन्हा विचारलं. या वेळी ते पूजेत नव्हते. त्यांनी उत्तर दिलं नाही. का, तेही सांगितलं नाही. एक शेर नाही, एक 'अफसोस' नाही. आमची मैत्री पुढं मौलवी साहेब जाईपर्यंत टिकली, ती त्या दोन ओळींवर.

आम्ही दोघं तो तर्जुमा घेऊन हेडमास्तरांपुढं उभे राहिलो. त्यांनी वाचलं. कागद उलटा करून मागं काही आहे का पाहिलं.

"मौलाना, बस इतना ही?"

"जी हुजूर. बस इतना ही."

हेडमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. अडवायचं असतं तर त्यांच्याकडं कारणांची कमी नव्हती. पण त्या कागदात राजकारणाचा एक शब्द नव्हता, आणि त्यांचीही संध्याकाळ करडीच्या तेलावरच जात होती. त्यांनी सही केली आणि आमच्याकडं न पाहता म्हणाले, "म्हैस वाली खबर अच्छी थी."

ती बातमी फळीवर होती तोवर तिच्यापुढं कुणी मोठ्यानं बोललं नाही. लोक यायचे, वाचायचे, एकमेकांकडं पाहायचे, आणि बंगल्याच्या दिशेला न पाहता निघून जायचे. आठवड्याच्या आत मन्मथप्पांच्या मागच्या खोलीतून डबे कुणीतरी हलवले. त्यापाठोपाठ घासलेटाचा परवानाही त्यांच्याकडून काढून दुसऱ्या दुकानाला दिला. कारण कुणी सांगितलं नाही आणि या वेळी विचारायला आमचा बातमीदार वर्गात नव्हता. बंगल्यावरच्या बत्त्या तशाच होत्या. वर्तमानपत्रानं जग बदलतं वगैरे जे तुमच्याकडं पहिल्या तासाला सांगतात, ते मी त्या कॉलेजात सांगितलं नाही, ते यामुळं.

त्या प्राध्यापकांनी मला जाताना विचारलं होतं, उत्तर मिळालं नाही तर पोरांनी काय करावं? मी म्हटलं, कधी विचारलं, कुठं विचारलं आणि समोरचा बोलायला मोकळा होता का, एवढं लिहावं. बाकीचं वाचणाऱ्यावर सोडावं, तो आपल्यापेक्षा हुशार असतो. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मला ते कुणी शिकवलं, हे सांगायचं राहून गेलं, ते इथं सांगतो.

परवाना गेल्यानंतरच्या सोमवारी, भर तासाला, वर्गाच्या दारात मन्मथप्पा उभे राहिले. चपला बाहेर काढलेल्या, शेजारी शिवलिंग. मी खडू ठेवून पुढं झालो. मनात म्हटलं, दप्तर न्यायला आलेत. दप्तर त्याच बाकावर होतं, कुणी हात लावला नव्हता.

मन्मथप्पांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत सारलं.

"मास्तर," ते म्हणाले, "घासलेटाची रांग गेली. दुकानावर आता एकाच माणसाचं काम हाय. ह्याला ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं."